मार्लिसला सांगितलेली जागा

हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो त्या सकाळी मार्लिसच्या कॅम्पवर दोनच गोष्टींची सक्ती असते. पोटभर खायचं आणि खरं बोलायचं. पहिली सगळे मनापासून पाळतात.

चुलीकडे तोंड करून मार्लिस बटाटे आणि सॉसेज परतत असते आणि मागे न वळताच विचारते, "तू कुठे बसणार?" प्रत्येकाने आपल्या मचाणाची जागा सांगायची. ती ते लिहीत नाही, तिच्या डोक्यात राहतं. दुपारी सूपच्या वेळेला जो परतत नाही त्याच्या मचाणाखाली ती जातीने जाऊन उभी राहते, आणि गडी नुसताच डुलकी काढत बसलेला निघाला तर त्याची जी शोभा करते ती पुढच्या हंगामापर्यंत पुरते.

ही रीत तिने हौसेने घातलेली नाही. तिचा बाप अर्विन घरी "कुरणाकडे जातो" म्हणून सांगून निघाला होता आणि बसला होता ओढ्यावर. ओढ्यावर त्याला मोठ्या शिंगांचा नर दिसला होता आणि ते शेजारपाजाऱ्यांना कळू द्यायचं नव्हतं. मचाणाची फळी मोडली. लोकांनी सगळं कुरण पालथं घातलं. ओढा बघावा असं कुणाच्या मनात आलं तोवर दुसरा दिवस उजाडला होता. मोडलेल्या पायाने अर्विन मेला नाही, थंडीने मेला. त्याच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत मार्लिसचा नवरा नॉर्बर्ट पुढे होता आणि धाकटा भाऊ एल्डन मागे.

म्हणजे दोघांनाही सगळं ठाऊक होतं. तरीही या वर्षी मार्लिसने विचारलं तेव्हा नॉर्बर्ट बटाट्यांवर केचप ओतत म्हणाला, "खडीच्या खाणीमागे."

"तिथे काय ठेवलंय? गेल्या वर्षी एक साळिंदर दिसलं होतं तुला."

"साळिंदर तर साळिंदर. माझ्या गुडघ्यांना जवळ पडतं."

"आणि तू रे?"

"मी आपला सफरचंदांच्या जुन्या बागेकडे," एल्डन म्हणाला.

"म्हातारे झालात दोघंही," मार्लिस म्हणाली. "नॉर्ब, कोट उघड."

नॉर्बर्टने शाळकरी पोरासारखा नारिंगी कोट उघडून दाखवला. आत छातीवरून, खांद्यांवरून आणि मांड्यांखालून आवळलेल्या पट्ट्यांचा साज होता. मचाणावरून पडलं तर झेलून धरणारा, वाढदिवसाला तिनेच आणून दिलेला. त्याने स्वेटर मागितला होता. साजाच्या छातीवर तिने एक शिट्टीही बांधली होती.

"आणि पायाचा फास?"

"खिशात आहे."

फास खिशात नव्हता. लटकायची पाळी आलीच तर ज्यात पाय घालून उभं राहायचं ती जाड पट्टी नॉर्बर्टने उन्हाळ्यातच जळणावरची ताडपत्री बांधायला वापरली होती. चांगली मजबूत निघाली होती. एका न्याहारीत दोन थापा पचवून तो उठला आणि बाहेर पडला.

खाणीचा रस्ता त्याने वळणापर्यंतच धरला. पुढे, बर्फात पावलं उमटू नयेत म्हणून दाट झाडीखालच्या कोरड्या जमिनीवरून, तो उलटा, सीडरच्या झाडांच्या दलदलीकडे निघाला. गेल्या हंगामाच्या अखेरीस त्या दलदलीच्या काठी त्याला एक नर दिसला होता. मान बैलासारखी, आणि शिंगं अशी की फांद्यांतून जाताना त्याला डोकं तिरकं करावं लागत होतं. नॉर्बर्टने कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. त्याच आठवड्यात त्याने तिथल्या एका पॉपलच्या झाडावर चोरून मचाण चढवलं. सीट, पाय ठेवायला जाळी, आणि हे सगळं बुंध्याला आवळून धरणारे दोन पट्टे. मचाण वर्षभर तिथेच राहिलं.

पट्टे दर वर्षी उतरवायचे असतात, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. झाड वाढतं आणि पट्टा ताणला जातो, उन्हाने कुजक्या सुतळीगत होतो, खारी कुरतडतात. पण उतरवायला जायचं म्हणजे वास आणि पाऊलखुणा ठेवून यायचं, आणि एल्डनची नजर भारी तिखट. मोडलेलं गवत बघून तो कोण गेलं, कधी गेलं आणि न्याहारीला काय खाऊन गेलं तेही सांगेल. म्हणून नॉर्बर्ट वर्षभर तिकडे फिरकलाच नाही. पट्टे तपासायचे राहिले, मचाणाजवळच्या फांद्या तोडायच्या राहिल्या, शेंड्यापासून जमिनीपर्यंत आधाराचा दोर सोडायचाही राहिला. तो दोर लांबून दिसतो.

एल्डनचं सगळं याच्या उलट होतं. तो बुंध्याभोवती कमरपट्टा टाकल्याशिवाय पाऊल वर टाकत नसे. वरपासून खालपर्यंत दोर, दोरावर सरकगाठ, गाठीत स्वतःला अडकवलेलं. दर उन्हाळ्यात मचाणं घरात आणून नवे पट्टे लावायचा. बाप गेल्यापासूनचं हे वेड. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, हे नॉर्बर्टला मान्य होतं, पण म्हणून चेष्टा सोडवत नव्हती. "एल्डन अंघोळीलासुद्धा पट्टा बांधून बसतो," असं तो पत्त्यांच्या डावात हमखास सांगायचा आणि हमखास हसं मिळवायचा.

झाडापाशी पोचला तेव्हा अजून नीट दिसत नव्हतं. बुंध्यात ठोकलेल्या खुंट्यांवरून तो चढला. वर गेल्या गेल्या मार्लिसला दिलेल्या शब्दाप्रमाणे त्याने साजाची दोरी बुंध्याला अडकवली. रिकामी बंदूक दोराने वर ओढली, मग भरली. एवढं सगळं नियमाने केलं. मग बसला, तर दोरी मानेला टोचायला लागली. ती डोक्याच्या वर हवी, म्हणजे घसरला तर माणूस वीतभर घसरतो. नॉर्बर्टने ती कमरेपर्यंत खाली सरकवली. आता आरामात बसता येत होतं.

उजाडलं. दलदलीवर धुकं होतं. लांब कुठेतरी पहिला बार झाला, मग आणखी एक. नॉर्बर्टच्या डाव्या हाताला, मागच्या बाजूला काडी मोडल्याचा आवाज आला. तो जागच्या जागी सावकाश उठला, वळला, आणि त्याचं सगळं वजन जाळीच्या एका कडेवर आलं.

वरचा पट्टा तुटला. दुसरा त्यापाठोपाठ. मचाण फांद्या मोडत खाली गेलं, बंदूकही गेली, आणि नॉर्बर्ट दोरी सैल होती तेवढा खाली आला आणि हिसक्याने थांबला. उजवा खांदा बुंध्यावर आपटून निखळला. त्याने मारलेली किंकाळी त्याला दुसऱ्याच कुणाची तरी वाटली.

थोड्या वेळाने त्याला उमगलं की आपण मेलेलो नाही. पाठ झाडाकडे, तोंड दलदलीकडे, पाय अधांतरी. उजवा हात हलत नव्हता. चढायच्या खुंट्या त्याच्या मागे होत्या आणि एकहाती गिरकी घेऊन त्यांच्याकडे वळणं जमेना. डाव्या टाचेला मागे एक खुंटी चाटून जात होती. जोर लावला की टाच क्षणभर टेकायची आणि सटकायची. फोन साजाखालच्या खिशात होता, आणि तसाही दलदलीत कधी कुणाचा फोन लागलेला नाही.

लटकलेल्या माणसाला काय होतं ते शिकारीच्या वर्गात त्याने ऐकलं होतं. मांड्यांचे पट्टे रक्त अडवतात. पायातलं रक्त पायातच राहतं, आणि धडधाकट माणूस पडला नसतानाही जातो. म्हणून पाय हलते ठेवायचे आणि फासात उभं राहायचं. फास जळणाच्या ढिगावर होता.

त्याने शिट्टी तोंडात धरली आणि तीनदा फुंकली. थांबला. पुन्हा तीनदा. तीन म्हणजे मदतीला या, हे या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कुणी आलं नाही. येणार तरी कोण? मार्लिस तिच्या नेहमीच्या मचाणावर, बीव्हरच्या बांधापाशी, टेकडीपलीकडे. एल्डन सफरचंदांकडे, त्याहून लांब. दलदलीचा हा भाग आपल्याशिवाय कुणाचाच नाही, याच कारणासाठी तर त्याने तो निवडला होता.

मग त्याच्या डोळ्यांपुढे दुपार उभी राहिली. सूप तयार आहे. मार्लिस खाणीमागे येते आहे, येतानाच तोंडाचा पट्टा सुरू आहे. मचाण रिकामं आहे. ती खाली बर्फाकडे बघते. बर्फ कोरं आहे, एकही पाऊल नाही. ती काय करेल ते नॉर्बर्टला दिसत नव्हतं. पण तिला काय कळेल ते स्वच्छ दिसत होतं. तो सापडायच्या आधी तिला त्याची थाप सापडणार होती. बापाने जी मारली तीच, नवऱ्याने. आणि मग ती कुठल्या दिशेला धावेल? तिला कुठलीच दिशा त्याने ठेवली नव्हती. या विचाराने त्याला जेवढं लाजल्यासारखं झालं तेवढं आयुष्यात कधी झालं नव्हतं.

पाय आधी दुखत होते, मग मुंग्या आल्या, मग ते आपले वाटेनात. त्याने टाच खुंटीवर मारायचा प्रयत्न चालू ठेवला. कपाळावर गार घाम आला. शिट्टी ओठांतून सुटून लोंबली आणि पुन्हा हाताला लागेना. त्यानंतरचं त्याला नीट आठवत नाही.

"नॉर्ब! ए नॉर्ब! डोळे उघड! झोपू नकोस गाढवा!"

खाली एल्डन होता. त्याची टोपी कुठेतरी पडली होती आणि उरलेले केस उभे होते. कमरपट्टा बुंध्याभोवती टाकून तो चढायलाही लागला होता. एवढ्या घाईतही प्रत्येक खुंटीला थांबून पट्टा वर सरकवत होता.

"लवकर ये की," नॉर्बर्ट पुटपुटला.

"मीही पडलो तर दोघांना कोण काढेल? इथल्या खारी?"

वर पोचल्यावर त्याने आपल्या खिशातला फास काढला, नॉर्बर्टच्या दोरीला अडकवला आणि त्याचे दोन्ही बूट धरून एकेक करून त्यात घातले. "उभा राहा. राहा म्हणतो ना! मांड्यांवरचं वजन काढ." नॉर्बर्ट कसाबसा उभा राहिला आणि पायांतलं अडलेलं रक्त खेळू लागलं तसा ओरडला.

"ओरड," एल्डन म्हणाला. "ओरडतोयस म्हणजे आहेस."

मग त्याने त्याला झाडाकडे वळवलं, आपला दोर वर बांधला, त्यात नॉर्बर्टला अडकवलं, आणि स्वतः खालच्या खुंटीवर राहून त्याचा एकेक पाय हाताने उचलून पुढच्या खुंटीवर ठेवत त्याला खाली आणलं. त्याला फार वेळ लागला. एल्डनने एकही पायरी गाळली नाही. नॉर्बर्टने मनातल्या मनात अंघोळीचा विनोद कायमचा मागे घेतला.

जमिनीवर एल्डनने त्याला बुंध्याला टेकवून बसवलं, त्याचा हात आपल्या मफलरने गळ्यात बांधला आणि थर्मासमधली कॉफी थोडी थोडी पाजली. नॉर्बर्टला रडू येत होतं आणि त्याने ते येऊ दिलं. एल्डन तुटलेला पट्टा हातात घेऊन बघत बसला. कडेला खारीचे दात स्पष्ट उमटले होते.

"खडीच्या खाणीमागे," एल्डन म्हणाला.

"सफरचंदांच्या जुन्या बागेकडे," नॉर्बर्ट म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. चोरावर मोर म्हणतात तो हाच. नॉर्बर्टला हसू फुटलं, खांद्यातून कळ गेली, तरी तो हसत राहिला. "म्हणजे तुलाही दिसला होता तो?"

"मला तर ऑगस्टमध्येच दिसला. शिंगांवरची लव अजून जायची होती."

"आणि बोलला नाहीस!"

"तू बोललास?"

"लेका, तू थाप मारली नसतीस तर मी आज मेलो असतो."

एल्डन हसला नाही. त्याने थर्मासचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. नॉर्बर्टचं डोकं आता जाग्यावर यायला लागलं होतं. त्याने एल्डनची पावलं बर्फात कुठून आली आहेत ते सहज म्हणून बघितलं. पावलं लांबून आली नव्हती. दलदलीचं तोंड ओलांडून पलीकडे हेमलॉकचं एक मोठं झाड होतं आणि त्यावरून पांढरा दोर खालपर्यंत सोडलेला होता. इथून हाक मारली तर तिथे ऐकू जाईल एवढंच अंतर. धुकं नसतं तर त्याने सकाळीच बघितला असता.

सूर्य एव्हाना टॅमरॅकच्या झाडांच्या शेंड्यांवर आला होता. नॉर्बर्ट पडला तेव्हा तो अजून उगवायचा होता.

"तू तिथेच होतास," नॉर्बर्ट म्हणाला.

"हो."

"मी पडलो ते ऐकलंस?"

"काहीतरी पडलं ते ऐकलं. वाटलं, फांदी असेल."

"मी किंचाळलो."

"ऐकलं."

"आणि शिट्टी?"

"म्हटलं, कुणी इलिनॉयचे शहरी शिकारी वाट चुकून शिरलेत."

"तीनदा वाजवली मी. पुनःपुन्हा तीनदा."

"मोजली मी," एल्डन म्हणाला. आवाज अगदी साधा होता. सबबी आता त्याला सांगायच्या नव्हत्या. "मला कळलं होतं रे. तू आहेस हे कळलं नव्हतं, पण कुणीतरी आहे, एवढं कळलं होतं. उतरलो तर जागा फुटणार. जिला सफरचंदं सांगितली तिला काय सांगू? म्हटलं, थोडं थांबू. कुणीतरी दुसरं जाईल. आणि मग तो आला."

"कोण?"

"तोच. सीडरमधून बाहेर आला आणि उभा राहिला. तुझ्या शिट्टीकडे कान लावून. आडवा, पूर्ण उघडा. मी बंदूक उचलली. म्हटलं, एक बार, मग लगेच जातो. खरं सांगतो, हेच म्हटलं. बोट चापावर होतं. तेवढ्यात तू हाक मारलीस."

"मी? मी काय हाक मारली?"

"मार्लिस. दोनदा." एल्डनने नाक पुसलं. "माझ्या बहिणीचं नाव. दलदलीतून. तेव्हा कळलं की कोण आहे. आणि बापाने पण तिकडे ओढ्यावर... कुणाला तरी हाक मारलीच असेल ना रे? मग मी उतरलो. बुंध्याला पट्टा घालून, दोर धरून, नेहमीसारखाच. नियम एकही मोडला नाही. आहे की नाही शहाणा?"

नॉर्बर्टला राग यायला हवा होता. हा माणूस तिथे पट्ट्यांत नीट गुंडाळलेला बसून त्याच्या शिट्ट्या मोजत होता. नॉर्बर्टने रागाची वाट बघितली. पण त्याच्या तोंडून निघालं ते भलतंच.

"शिंगांना किती फाटे होते?"

बोलून झाल्यावर त्याचे शब्द त्यालाच ऐकू आले. एल्डनलाही आले. त्याने उत्तर दिलं, कारण या भागात कुणी हा प्रश्न विचारला तर उत्तर देतातच. "बारा तरी. एका बाजूला सहा मोजले, मग मोजायचं राहिलं."

"एल्डन," नॉर्बर्ट म्हणाला, "मी तिथे असतो तर आधी बार काढला असता."

"मीही काढणारच होतो."

"तसं नाही."

"मग कसं? मार्लिसचं नाव ऐकूनसुद्धा काढला असतास?"

नॉर्बर्टने "छे" म्हणायला तोंड उघडलं. त्याला धुक्यात उभा असलेला तो नर दिसला, डोकं तिरकं केलेला, पूर्ण आडवा. त्याच्या डाव्या हाताचं बोट कोटाच्या बाहीत आपोआप वाकलं. झाडाला लटकताना वाटली नव्हती एवढी भीती त्याला आता वाटली.

एल्डनने दोन्ही बंदुका रिकाम्या करून खांद्याला लावल्या आणि त्याच्या बगलेत हात घातला.

"चल, ऊठ," तो म्हणाला. "बांधावर मार्लिस आहे. आधी तिच्याकडे जाऊ."